नवे शॉकअप टाकूनही गाडी आदळतेच: छोट्या कारमध्ये काय, कुठल्या क्रमाने तपासायचं

तक्रार ठरलेली असते. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, गाडी कुठलीही असो. पाच-सहा वर्षं वापरलेली, साठ-सत्तर हजार किलोमीटर पळालेली. खड्ड्यात आदळते म्हणून पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. नाहीतर वर्षाच्या आत नवा शॉकअप तेल सोडायला लागला. गॅरेजवाला म्हणतो माल डुप्लिकेट होता, दुकानदार म्हणतो फिटिंग चुकलं, आणि मालक म्हणतो आपल्याकडचे रस्तेच असले. तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य असतं. पण बऱ्याचदा दोष मुळात शॉकअपचा नसतोच, किंवा ज्या कारणाने जुना शॉकअप मेला ते कारण तसंच ठेवून नवा टाकलेला असतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी हवा, मग टायर, मग बुश (जोडांतले रबरी तुकडे) आणि जोड, आणि शॉकअप सगळ्यात शेवटी. तपासायला सोपं ते अवघड असाच हा क्रम आहे.

झटका कोणता ते आधी ओळखा

"गाडी आदळते" एवढं सांगून मिस्त्रीकडे गाडी सोडली की तो शॉकअपच बदलणार. त्यापेक्षा झटक्याची जात सांगा.

खडी, पॅचवर्कच्या कडा, सिमेंट रस्त्याचे सांधे यांवरून जाताना पायाखाली आणि स्टिअरिंगला सारखी बारीक टरटर लागते, पण मोठ्या उंचवट्यावर गाडी ठीक वागते: हा टायरचा आणि हवेचा विषय.

रस्त्याच्या लाटेवरून गेल्यावर गाडी एकदा वर-खाली होऊन थांबत नाही, डुलत राहते, मागे बसलेल्यांना मळमळतं, ब्रेक मारला की नाक जास्तच खाली जातं: हे शॉकअपचं.

गल्लीत दहा-वीसच्या वेगाने जाताना प्रत्येक बारीक खड्ड्यात खट-खट किंवा खड-खड, पण हायवेला आवाज नाही: स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी झुकू न देणारा आडवा दांडा), त्याचे बुश किंवा त्याला जोडणारा लिंक रॉड, लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला धरणारा खालचा हात), नाहीतर शॉकअपच्या वरचं माउंटिंग (तो गाडीच्या धडाला जिथे बसतो तो रबरी जोड). इथे नवे शॉकअप टाकून काहीही होत नाही. लिंक रॉड काही शेकड्यांत येतो, शॉकअपची जोडी हजारांत.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग सरकल्यासारखा टणकन आवाज येत असेल तर माउंटिंगचं बेअरिंग.

आणि स्पीडब्रेकर उतरताना एकच धाडकन मोठा दणका, विशेषतः गाडी भरलेली असताना: सस्पेन्शनचा, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपचा, वर-खाली व्हायचा प्रवास संपून गाडी बंप स्टॉपवर (शेवटचा धक्का झेलणाऱ्या ठोकळ्यावर) बसते आहे. शॉकअप त्यात भरडला जातो, पण मूळ कारण स्प्रिंग दबणं, जास्त वजन किंवा बंप स्टॉपचा भुगा होणं हे असतं. स्पीडब्रेकरचाही दोष आहेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोल पाठीचा हवा. गावोगावी रात्रीतून उभे राहणारे मातीचे-मुरुमाचे बांध त्याच्या चौथाई रुंदीचेही नसतात.

मराठवाड्यात पहिले दोन्ही प्रकार एकत्र भेटतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता काही वर्षांत लाटा धरतो आणि कडेने खचतो. त्यावर शॉकअपची परीक्षा होते. समृद्धीसारख्या सिमेंटच्या रस्त्यावर लाट नसते, सांधे असतात, तिथे टायरची. त्यामुळे एकच गाडी जालन्याहून समृद्धीने जाताना कडक वाटते आणि आतल्या रस्त्याने परभणीकडे जाताना डुलते असं होऊ शकतं. हे दोन वेगळे दोष आहेत, उपायही वेगळे.

हवा

गाडीची पहिली स्प्रिंग म्हणजे टायरमधली हवा. गाडीचं धड स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हलतं, चाक मात्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरू शकतं. खडीसारखे बारीक, झटपट धक्के शॉकअपपर्यंत पोचायच्या आधी टायरनेच गिळायचे असतात. हवा जास्त असेल तर तो गिळत नाही, वर ढकलतो. टायरचा उभा कडकपणा साधारण हवेच्या प्रमाणात वाढतो. ३० च्या जागी ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मारली तर तो जवळजवळ पाचव्या भागाने कडक झाला.

पंक्चरच्या दुकानात "किती मारू?" या प्रश्नाला "मार पस्तीस" हे उत्तर द्यायची सवय आहे. गाडीत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पाटी असते, त्यावर पुढची-मागची हवा वेगवेगळी, आणि बऱ्याच गाड्यांत कमी माणसं व पूर्ण भार यांची वेगवेगळी दिलेली असते. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोज भरायचा नाही.

पाटीवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा दीड-दोन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नाही. मे महिन्यात दुपारी पळून आलेल्या टायरची हवा थंड टायरपेक्षा चार-सहा पीएसआय जास्त दिसते. इथे दोन चुका होतात. काही जण गरम टायरमधली हवा काढून पाटीच्या आकड्यावर आणतात; दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २५ वर असतो, मग खड्ड्यात रिमला चेपतो आणि कडेला फुगा येतो. दुसरे सकाळीच थंड टायरमध्ये ३६ भरतात. दुपारी तो चाळिशी ओलांडतो.

ऋतूचाही हिशोब धरा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी बदललं की हवा एका पीएसआयने बदलते. जानेवारीतल्या पहाटे १२ अंश आणि मे महिन्यात ४२, म्हणजे पाचेक पीएसआयचा फरक. त्यात हवा दर महिन्याला थोडी आपोआप कमी होतेच. दर पंधरा दिवसांनी सकाळी घरीच मोजा. पंपावरच्या घड्याळी मीटरमध्ये दोन-तीन पीएसआयची तफावत सहज निघते, त्यामुळे स्वतःचा गेज घ्या, तो डिकीत राहू द्या.

नायट्रोजन भरला की गाडी मऊ चालते हा समज सोडा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फरक पडतो तो दाबाने.

चाचणी सोपी आहे. सकाळी पाटीप्रमाणे हवा करा आणि रोजच्या ओळखीच्या रस्त्याचा तीन-चार किलोमीटरचा तुकडा चालवा, ज्यात थोडी खडी, एक स्पीडब्रेकर आणि एक लाट असेल. टरटर निम्मी कमी झाली तर पुढचा खर्च थांबवा. कडकपणा गेला नाही म्हणून पाटीच्या खाली मात्र जाऊ नका. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, तापतो, आणि १२० च्या वेगमर्यादेच्या रस्त्यावर तापलेला टायर फुटला तर शॉकअपची चर्चा करायला कोणी उरत नाही.

टायरचं माप

कडेची उंची महत्त्वाची. माप वाचायची रीत अशी: १६५/८० आर १४ म्हणजे १६५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ८० टक्के कडेची उंची, १४ इंची रिम. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर रबर रिम आणि रस्त्याच्या मध्ये. त्याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतो. त्याची कड १२० मिलिमीटर. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा, ६२० च्या आसपास, पण अलॉय चाकांच्या त्या वरच्या मॉडेलला १२ मिलिमीटर गादी कमी. शोरूममध्ये महाग मॉडेल घेतलं आणि आतल्या रस्त्यावर स्वस्तवालं मऊ लागतं, याचं एक मोठं कारण हे. वॅगनआरमध्येही १५५/८० आर १३ ची कड १२४ भरते, १६५/७० आर १४ ची साडे-एकशेपंधरा. जुन्या अल्टो के-१० ला १५५/६५ आर १३ होता, म्हणजे कड जेमतेम शंभर. अल्टो ८०० च्या १४५/८० आर १२ ची ११६.

टायर बदलायची वेळ आली की तीन वाटा असतात. मूळ माप ठेवणं सगळ्यात बिनधोक. रिम तोच ठेवून किंचित रुंद टायर घेणं ही दुसरी: १५५/८० आर १३ च्या जागी १७५/७० आर १३ घेतला तर व्यास फक्त ३ मिलिमीटरने कमी होतो, कड दीड-दोन मिलिमीटरच जाते, हवेचं आकारमान वाढतं. स्टिअरिंग थोडं जड होतं, मायलेज थोडं पडतं. त्या टायरला आपल्या रिमची रुंदी चालते का आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर आत घासत नाही ना, हे बसवण्याआधी बघा. तिसरी वाट म्हणजे मोठा अलॉय आणि पातळ टायर. दिसतं छान. पण कड कमी होते, चाकाचं वजन बहुतेक वाढतं, आणि चाक जितकं जड तितकं शॉकअपला ते आवरणं अवघड. आपल्या रस्त्यांवर ही वाट आरामासाठी नाही. कोणाला दिसण्यासाठीच करायची असेल तर करा, पण मग आदळण्याची तक्रार करू नका.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, तोही वाचा. ७९ म्हणजे टायरमागे ४३७ किलो, ८५ म्हणजे ५१५. मूळ आकड्याच्या खाली जायचं नाही. उगाच खूप वरचाही नको. एक्स्ट्रा लोड लिहिलेल्या टायरची कड जाड आणि ताठ असते. "मजबूत टायर द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार नेमका तोच देतो.

वय कडेवरच्या चार आकड्यांत असतं: २३२२ म्हणजे २०२२ चा २३वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांत, आणि कायम उन्हात उभ्या गाडीत त्याआधीही, रबर टणक होतं. नख दाबून बघा. नव्या टायरमध्ये ते थोडं रुततं, म्हाताऱ्यात घसरतं. दुकानात "नवा" टायर घेतानाही हा आकडा बघूनच घ्या.

मग तळहात टायरवरून गोल फिरवा. ठरावीक अंतरावर खळगे-उंचवटे लागले तर कमजोर शॉकअपमुळे चाक रस्त्यावर उड्या मारत होतं. आता शॉकअप नवा टाकला तरी हाच खडबडीत टायर घूं-घूं करत थरथरत राहणार. पंधरा दिवसांनी "पुन्हा तेच" वाटतं त्यातल्या बऱ्याच गाड्यांत हे निघतं.

शॉकअप खरंच गेलाय का

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी थोपवणं. म्हणून गाडी खाली बसली असेल तर शॉकअप बदलून ती वर येणार नाही.

बोनेटचा कोपरा जोराने दोन-तीन वेळा दाबून सोडा. गाडीने वर येऊन, फार तर एकदा किंचित खाली जाऊन थांबायला हवं. दोन-तीन डुलक्या घेतल्या तर शॉकअप संपला. पण ही चाचणी एका बाजूनेच खरी आहे: नापास झाला तर नक्की गेला, पास झाला म्हणजे चांगला असं नाही. हाताने दाबताना वेग फार कमी असतो, आणि गॅसचा शॉकअप आतल्या घर्षणामुळे थांबूनही जातो.

मग टॉर्च घेऊन बघा. नळीच्या वरच्या भागावर धूळ चिकटलेला पातळ ओशटपणा चालतो. तेलाचे ओघळ खालपर्यंत आले असतील, दांड्यावर चरे किंवा गंज असेल, तर बदला. बदलायचा तर एकाच ॲक्सलची जोडी. एक नवा आणि एक साठ हजार किलोमीटरचा असं ठेवलं तर ब्रेकला गाडी एकीकडे झुकते.

गॅस की ऑइल? लांब खराब रस्त्यावर तेल तापून फेसाळतं आणि शॉकअप सैल पडतो. कमी दाबाच्या नायट्रोजनमुळे तो फेस आवरतो. आपल्या रस्त्यांना ट्विन-ट्यूब (आत दोन नळ्यांचा) गॅस शॉकअप बरा. मोनोट्यूब (एकाच नळीचे) किंवा स्पोर्ट म्हणून विकले जाणारे जास्त दाबाचे शॉकअप वळणावर गाडी छान धरतात, खडीवर हाडं मोजतात.

तेल भरून "रिपेअर" केलेला शॉकअप घेऊ नका. दुचाकीच्या पुढच्या फोर्कचं तेल आणि सील बदलता येतं, त्यावरून कारचंही चालेल असं वाटतं. कारचा शॉकअप कंपनीतून सीलबंद येतो. भोक पाडून भरलेल्या तेलात ना गॅसचा दाब असतो, ना जुन्या झिजलेल्या व्हॉल्व्हचं काही झालेलं असतं.

नवा शॉकअप लवकर का मरतो

स्प्रिंगमधले बफर हे आपल्या भागातलं पहिलं कारण. गाडी खाली लागते म्हणून स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांत रबरी बफर कोंबतात. गाडी उचलली जाते, दिसायला काम झालं. प्रत्यक्षात एक वेटोळं जाम झालं, स्प्रिंग तेवढी ताठ झाली, आणि शॉकअप दांडा बाहेर ताणलेल्या अवस्थेतच काम करायला लागला. चाक खड्ड्यात खाली उतरलं की तो वरच्या टोकाला आपटतो. बफरच्या कडेशी स्प्रिंग तुटल्याचीही उदाहरणं गॅरेजांत कमी नाहीत. स्प्रिंग दबली असेल तर स्प्रिंगच बदला. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत टेपने मोजा, सपाट जागेवर, गाडी रिकामी. डाव्या-उजव्यात दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग तपासा. सगळ्यात खालचं अर्धं वेटोळं वाटीत बसलेलं असतं, ते तुटलेलं वरून दिसत नाही.

दुसरं कारण बंप स्टॉप. शॉकअपच्या दांड्यावर फोमसारखा ठोकळा असतो, त्याभोवती रबरी धूळकव्हर. जुना शॉकअप खोलताना कव्हर वर सरकवा. आत ठोकळ्याऐवजी पिवळसर चुरा सांडला, किंवा दांड्यावर नुसती चकती उरली असेल, तर धक्का संपायच्या जागी धातूवर धातू आपटत होता. तो चुरा आणि धूळ दांड्यावर घासून सील कापतात. नव्या शॉकअपबरोबर बंप स्टॉप आणि धूळकव्हर नवेच टाका. बऱ्याच शॉकअपच्या खोक्यात ते येत नाहीत, वेगळे मागावे लागतात. वरच्या माउंटिंगचं रबर तडकलं असेल किंवा बेअरिंग अडखळत असेल तर तेही त्याच वेळी, कारण मजुरी एकदाच लागते.

तिसरं कारण फिटिंगचं, आणि यावर कोणी बोलत नाही. लोअर आर्मच्या बुशचा रबर आतल्या-बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेला असतो. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळला जातो, फिरत नाही. जॅकवर चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर आतली नळी त्या लोंबत्या कोनात जखडली जाते. गाडी खाली उतरवली की उभ्या-उभ्याच रबर पिळलेला. गाडी काहीशी उंच आणि ताठ वाटते, मिस्त्री म्हणतो "बघा, कशी टाइट झाली", आणि काही महिन्यांत बुश फाटून खट-खट सुरू. मागच्या शॉकअपच्या खालच्या बोल्टलाही हेच लागू.

बरोबर रीत: बुशचे बोल्ट नुसते हाताने लागतील तेवढेच बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीन वेळा दाबून सस्पेन्शन जागेवर बसू द्यायचं, मग पिटवर किंवा चाकांखालच्या रॅम्पवर पूर्ण आवळायचे. लिफ्टच असेल तर लोअर आर्मखाली जॅक लावून चाक गाडीच्या उभ्या उंचीवर आणायचं आणि मग आवळायचं. काम सोडण्यापूर्वी मिस्त्रीला हे स्पष्ट सांगा. दहा मिनिटांचं जास्त काम आहे.

दांड्याच्या बाबतीतही हयगय नको. वरचा नट आवळताना दांडा फिरतो म्हणून पकडीने दांडाच धरतात. त्या दातांचा चरा पहिल्याच दिवशी सील फाडतो. दांड्याच्या टोकाला ॲलन की किंवा पान्याची जागा असते, तिथेच धरायचं. हवेच्या गनने हा नट आवळायचा नाही. बसवण्याआधी नवा ट्विन-ट्यूब शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्या, आडवा पडून आत शिरलेली हवा निघून जाते. आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबल्याशिवाय मधला नट कोणीही सोडू नये. ताणलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते, घरी करायचं हे काम नव्हे.

सीएनजी आणि भार

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या पेट्रोल गाडीच्या मागच्या स्प्रिंगवर टाकी आणि तिच्या सांगाड्याचे साठ-ऐंशी किलो कायमचे बसतात. कंपनीतून आलेल्या सीएनजी गाडीत सस्पेन्शन त्या वजनासाठी जुळवलेलं असतं, बाहेरच्या किटमध्ये नाही. मागे तीन माणसं आणि टपावर सामान घेऊन तुळजापूरला निघालं की मागची बाजू बंप स्टॉपवरच चालते, आणि दोष शॉकअपला जातो. त्याच मॉडेलच्या सीएनजी आवृत्तीची मागची स्प्रिंग मिळते का ते सुट्या भागाच्या नंबरवरून तपासा, मागची हवा पाटीवरच्या पूर्ण भाराच्या आकड्यावर ठेवा, आणि डिकीत कायम पडलेली पाण्याची कॅन आणि हत्यारं उतरवा.

काम झाल्यावर चारही कमानींची उंची पुन्हा मोजून पहिल्या आकड्यांशी ताडून पाहा. पुढचा शॉकअप चाकाच्या नकलला (चाक धरणाऱ्या लोखंडी भागाला) दोन बोल्टने धरलेला असतो; तो निघाला की चाकाचा कोन हलतो, म्हणून व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करा, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतील. पाचशे किलोमीटरनंतर वरच्या माउंटिंगचे आणि लिंक रॉडचे नट एकदा पान्याने तपासून घ्या.